लकव्याची गुठळी ध्वनिलहरींनी विरघळते का?

प्रश्न : सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. सोबत सोनोग्राफीच्या लहरी दिल्या तर गुठळी लवकर जाते, असं नंतर वाचनात आलं. आम्हाला ते कुणी सुचवलंच नाही. राहून गेलं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काही राहून गेलेलं नाही. कल्पना खोटी नव्हती, पण मोठ्या चाचणीत ती टिकली नाही.

अल्टेप्लेझ हे गुठळी विरघळवणारं औषध वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम : पैकी ५.४ एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. अडचण अशी की मेंदूची धमनी गुठळीने बुजलेली असते, तिथे प्रवाह जवळजवळ नसतो. औषध गुठळीच्या तोंडाशी अडतं. २ मेगाहर्ट्झच्या लहरींनी तिथला द्रव सूक्ष्म ढवळला जातो, गुठळी बांधून ठेवणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाच्या जाळीच्या फटी सैल होतात, औषध आत शिरतं. सरबतातली साखर चमच्याने ढवळावी तसं. लहरी म्हणजे चमचा. विरघळवण्याचं काम औषधाचंच. लहरी गुठळी फोडतात, हा समज चुकीचा.

२००४ साली क्लॉटबस्ट चाचणीचे निकाल आले. रुग्ण १२६. औषधासोबत दोन तास डॉपलर (रक्तप्रवाह तपासायची सोनोग्राफी) लावलेल्यांपैकी ४९ टक्के जणांची धमनी दोन तासांत पूर्ण उघडली किंवा लक्षणं झपाट्याने ओसरली. नुसत्या औषधावर हे प्रमाण ३० टक्के होतं. पुढे क्लॉटबस्ट-ईआर चाचणीत ६७६ रुग्ण घेतले. अपंगत्वात काहीच फरक दिसेना, म्हणून ती मध्येच थांबवली. २०१९ साली अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनीही औषधासोबत हा उपचार देऊ नये असंच सांगितलं.

आमच्या मते खरी गोम प्रोब, म्हणजे लहरी सोडणारं टोक, कोण धरतो यात आहे. पहिल्या चाचणीत तरबेज माणूस कानशिलावर जेल लावून ४५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर गुठळीच्या तोंडाशी उरलेला क्षीण प्रवाह शोधायचा आणि प्रोब तिथेच पट्ट्याने आवळायचा. दुसरीत डोक्यावर चढवायची तयार टोपी होती. ती मोजमापाने बसवायची, समोर काही बघायचं नाही. शिवाय मोठी धमनी खरंच बंद आहे का, हे आधी तपासण्याची अटही नव्हती. त्यातच २०१५पासून कॅथेटरने, म्हणजे धमनीत सरकवलेल्या बारीक नळीने, गुठळी थेट ओढून काढण्याचा उपचार सिद्ध झाला, आणि चमच्याची निकड कमी झाली.

प्रश्न : कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी हाडातून जास्त आत जातात. मग २ मेगाहर्ट्झच का? (सोनोग्राफी विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : तेही करून पाहिलं गेलं, आणि महागात पडलं. ट्रम्बी चाचणीत ३०० किलोहर्ट्झ वापरले. २६ रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. लहरी मिळालेल्या १४ पैकी १३ जणांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा होत्या. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. ३०० किलोहर्ट्झला तरंगलांबी ५ मिलिमीटर येते, २ मेगाहर्ट्झला पाऊण. लांब लहरी कवटीच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परततात, येणाऱ्या लहरींत मिसळतात आणि जिथे गुठळीच नाही अशा जागीही जोर साठतो. रक्तस्रावामागे हेच असावं, असं मानतात.

प्रश्न : वडिलांच्या डॉपलरच्या रिपोर्टवर ‘खिडकी मिळाली नाही’ असं लिहिलंय. काही गंभीर? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. कानासमोर, गालफडाच्या हाडाच्या वर कवटी पातळ असते, तिथून लहरी आत जातात. तिला खिडकी म्हणतात. दहातल्या एक-दोघांत हाड इतकं जाड असतं की काही दिसत नाही, वयस्क बायकांत जास्त. तपासणी होऊ शकली नाही, एवढाच अर्थ.

प्रश्न : घरी फिजिओथेरपीचं अल्ट्रासाउंड यंत्र आहे. लकवा आल्यावर हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत डोक्याला लावलं तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अजिबात नको. ते यंत्र स्नायू शेकायला बनवलेलं, डॉपलरपेक्षा कितीतरी जास्त शक्तीचं. शिवाय सीटी स्कॅनपूर्वी गुठळी आहे की रक्तस्राव, हे कुणालाच सांगता येत नाही. याच कारणाने अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. पाण्याचा घोटही नको. गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा, सीटी चोवीस तास चालू असलेल्या हॉस्पिटलातच न्यायला सांगा आणि माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात. पहाटे उठल्यावर लक्षणं दिसली, तर रात्री झोपायला गेल्याची वेळ लिहायची, जाग आल्याची नाही.