एमबीए प्रवेशाच्या मुलाखतीत समोर तीन परीक्षक असतील तर उत्तर देताना बघायचं कोणाकडे? आणि तयारी नेमकी कशाची करायची?

सुरुवात प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून करा, मधे एकदा बाकीच्यांवर नजर फिरवा आणि शेवट पुन्हा त्याच्याकडे बघून करा. एखादा मान खाली घालून तुमचा फॉर्म चाळत बसलेला असतो. त्याला गृहीत धरू नका, पुढचा खोचक प्रश्न बहुधा तिथूनच येतो.

तयारी मुख्यतः त्या फॉर्मचीच. त्यात लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे तुम्ही स्वतःहून दिलेलं आमंत्रण. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिलंत की शेवटचं पुस्तक कोणतं, त्यातलं काय पटलं नाही, हे आलंच. ‘विक्री वाढवली’ असं लिहिलं असेल तर किती, किती काळात आणि त्यात तुमचा वाटा कोणता, हे तोंडावर हवं. पदवीच्या विषयातल्या मूळ संकल्पनाही एकदा चाळा. इंजिनिअरला स्वतःचाच प्रोजेक्ट सोप्या शब्दांत सांगता आला नाही की पॅनेल तिथेच अडकून बसतं.

‘एमबीए कशाला?’ याचं पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं (ते दिवसभर तेच ऐकत असतात). सध्याच्या कामात कुठे अडतंय, ते सांगा.

दोघांनी एकदम प्रश्न टाकले तर ‘आधी यांचं उत्तर देतो, मग तुमच्याकडे येतो’ म्हणायला हरकत नाही. येत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणा. आणि कोणी मुद्दाम तुमचं म्हणणं खोडून काढत असेल तर चिडू नका, पण लगेच घूमजावही करू नका.