'चिंदी, मगा!' ही शिवी नव्हे, शाबासकी

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा बेंगळुरूला नोकरी करतो. होळीला तो दोन कानडी मित्रांना घेऊन घरी आला. पुरणपोळीचा पहिला घास खाऊन त्यातला एकजण मुलाला म्हणाला, "चिंदी, मगा!" ताईंना ते लागलं. मुलगा म्हणतो, त्यानं तर कौतुक केलं. मग चिंदीचा अर्थ काय, आणि हे 'मगा' कोण?

ताई, मुलगा अगदी खरं सांगतोय. बेंगळुरूच्या रस्त्यावरच्या कन्नडमध्ये 'चिंदी' म्हणजे जबरदस्त, झकास. पोळीला याहून मोठी पावती तो देऊ शकला नसता.

तुमचा गैरसमज होणं साहजिक होतं, कारण शब्द आपलाच आहे. कन्नडमध्येही चिंदीचा मूळ अर्थ कापडाचा फाटका तुकडा असाच आहे. कचऱ्यातून चिंध्या वेचणाऱ्यांना तिकडे 'चिंदी आयुववरु' म्हणतात. मुंबईच्या बोलीत हाच शब्द खाली घसरला. चिंदी माणूस म्हणजे कंजूष, हलका, आणि त्यापुढचा चिंदीचोर. बेंगळुरूत तो वर चढला, तो 'चिंदी उडायिसु' या प्रयोगाच्या जोरावर, म्हणजे चिंध्या उडवणे. एखाद्या फलंदाजानं गोलंदाजी फोडून काढली की 'चिंदी उडायिसबिट्टा' म्हणायचं. आपणही चिंधड्या उडवल्या म्हणतो, पण तिथेच थांबतो. कानडी पोरांनी क्रियापद गाळलं आणि नुसती चिंदी कौतुकाला ठेवली. मग खेळ चिंदी, गाणं चिंदी आणि पोळीही चिंदी.

कौतुकाचे आणखी दोन शब्द तुमच्या कानावर पडतील, 'बोंबाट' आणि 'सक्कत्'. बोंबाट म्हणजे फक्कड, आणखी काही नाही. सक्कत् मला जास्त आवडतो. 'सक्कत् चेन्नागिदे' म्हणजे फारच छान आहे. हा मूळचा फारसी 'सख्त', म्हणजे कठीण, कडक. आदिलशाहीचा अंमल मराठी आणि कानडी अशा दोन्ही मुलखांवर होता आणि कारभारातली फारसी दोन्ही भाषांत मुरली. आपल्याकडे हा शब्द सक्तमजुरी आणि सक्त ताकीद यांत अडकून सरकारी कागदावरच राहिला. तिकडे तो कॉलेजच्या कट्ट्यावर गेला. पण आपली पोरं काही आवडलं की काय म्हणतात? 'कडक!' शब्द वेगळा, वाट तीच.

आता मगा. 'मग' म्हणजे मुलगा, लेक. त्याला हाक मारताना 'मगा'. बरोबरीच्या मित्राला मुलगा का म्हणायचं, असं तुम्हाला वाटेल, पण मराठी माणसाला हे नवं नाही. 'अरे लेका, होतास कुठे इतके दिवस?' असं आपण ज्याला म्हणतो तो कुठे आपला लेक असतो? लेका आणि मगा ही अगदी सख्खी जोडी आहे. हल्ली बेंगळुरूच्या कॉलेजांत मुलीही एकमेकींना मगा म्हणतात. 'मच्चा'चंही असंच. तो तमिळमधून आलेला, मूळ अर्थ मेव्हणा, आणि आता कुठल्याही दोस्ताला चालतो.

या जोडीची दुसरी बाजूही सारखीच आहे. लेका प्रेमाचा, पण 'लेकाचा' म्हटलं की त्यात चीड येते. तिकडेही मगा प्रेमाचा, पण 'नन्मगा' म्हटलं की सौम्य शिवी. शब्दशः पाहिलं तर तो नुसता 'माझा मुलगा' आहे! 'मगने' असा सूर लावून पुढे 'निन्न नोडकोतीनि' आलं, तर समजावं की प्रकरण 'बेट्या, तुला बघून घेईन' इथवर गेलंय. मगच्या आधी आईला बोल लावणारे शब्द जोडून ज्या शिव्या होतात, त्या इथे लिहीत नाही. तुमच्या मुलानं त्या ऐकल्या असतीलच.

मला या बोलीत सगळ्यात जास्त गंमत वाटते ती 'होडी' या क्रियापदाची. होडी म्हणजे मारणे. 'हरटे होडियोदु' म्हणजे गप्पा मारणे. 'शिळ्ळे होडियोदु' म्हणजे शिट्टी मारणे. 'लैन् होडियोदु' सांगायलाच नको. 'निद्दे होडियोदु' म्हणजे झोप ठोकणे. मराठी येणाऱ्याला हे पाठ करावं लागत नाही, मारणे काढून होडी बसवली की बहुतेक वेळा काम होतं. सोडणेही तसंच. 'बिडु' म्हणजे सोडणे आणि 'बुरुडे बिडु' म्हणजे पुड्या सोडणे. डोकं खाणाऱ्याबद्दल 'तले तिन्ताने' म्हणतात, तेही शब्दाला शब्द आपलंच. फक्त 'एण्णे होडियोणा' ऐकलंत तर एवढं लक्षात ठेवा की एण्णे म्हणजे तेल असलं तरी या वाक्यात त्याचा अर्थ दारू.

'पुक्सट्टे' म्हणजे फुकट. प्रमाण कन्नडमध्ये 'पुक्कटे'. आपल्या फुकटशी त्याचं नातं ऐकताक्षणीच कळतं.

ताई, तुम्ही स्वतः बेंगळुरूला जाणार असाल तर हे शब्द समजून घ्या, पण वापरू नका. मगा, मच्चा, गुरू ही हाक बरोबरीच्यांमधली. रिक्षावाल्याला अण्णा म्हणा आणि क्रियापद आदरार्थी ठेवा, 'अण्णा, मेजेस्टिक् बर्तीरा?' (मेजेस्टिक् म्हणजे तिथल्या मुख्य बसस्थानकाचा भाग, बर्तीरा म्हणजे येता का.) मुलाच्या वयाची पोरं 'गुरू, बर्तीया?' म्हणतात आणि ते खपतं. पण 'बर्तीया' म्हणजे 'येतोस का'. अनोळखी मोठ्या माणसाला ते कुठल्याही भाषेत रुचत नाही. मुलगा पुस्तकातून कन्नड शिकत असेल तर त्यालाही सांगा, 'नानु माडुत्तेने', म्हणजे 'मी करतो', हे बरोबर असलं तरी ते बातम्यांतलं वाटतं. रस्त्यावर सगळे 'माडतीनि' म्हणतात.

मुलाचा दुसरा मित्र हुबळी-धारवाडकडचा असला तर यातलं बरंच त्याच्या तोंडी नसेल. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. तिकडची कन्नड मराठीच्या शेजारात वाढलेली आहे आणि तिचा बाज म्हैसूर-बेंगळुरूहून फार वेगळा. आपल्या अरे-अगंसारखं बेंगळुरूत पुरुषाला 'लो' आणि बाईला 'ले' लावतात, तर उत्तर कर्नाटकात मित्र मित्राला बिनधास्त 'बा ले', म्हणजे 'ये रे', म्हणतो. आदर दाखवायला तिकडे शेवटी 'री' येतो. 'बर्री, कुंदर्री' म्हणजे या, बसा. त्याला पोळी आवडली तर तो चिंदी म्हणणार नाही, 'भाळ छलो ऐत्री' म्हणेल.