डचमधली 'द' आणि 'हेत'ची कटकट

प्रश्न नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात राहणाऱ्या एका वाचकाचा आहे. डच भाषेत 'मुलगी'साठी असलेला 'मैशं' हा शब्द नपुंसकलिंगी कसा? नामाआधी 'द' लावायचं की 'हेत' (दोन्ही इंग्रजी 'the'सारखी उपपदं, 'हेत' नपुंसकलिंगी नामांना आणि 'द' बाकीच्यांना), हे ओळखायचं कसं? आणि ऑफिसातले लोक म्हणतात तसं सगळीकडे 'द' लावून भागतं का?

आधी उच्चाराबद्दल. डच 'द'चा उच्चार आपल्या सुट्या 'द'सारखाच होतो. 'हेत' भरभर बोलताना नुसतं 'अत' उरतं. 'मैशं'च्या शेवटचा अनुस्वार 'मोठं'मधल्यासारखा वाचावा. पुढचे शब्दही असेच कानाला ऐकू येतात तसे लिहितो.

'मैशं' हा 'मैत' या शब्दाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झालेला शब्द आहे, आणि डचमध्ये असा प्रत्यय लागला की नाम न चुकता 'हेत'च्या घरात जातं. मुलगा म्हणजे 'द योंगं', पण छोटा मुलगा 'हेत योंगत्यं'. म्हणजे यात स्त्रियांना कमी लेखण्याचा काही संबंध नाही. मराठीला हे परकं वाटायचं कारण नाही. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू ही सगळी 'ते'च आहेत ना? मुलीबद्दल पुढे बोलताना डच माणूस सर्वनाम मात्र 'ती'चंच वापरतो.

आता मुख्य प्रश्न. तीन लिंगांच्या भाषेतून आलेल्या माणसाला दोन लिंगांची भाषा सोपी जायला हवी, असं वाटतं. तसं होत नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण नियमांच्या संख्येत नाही. डच भाषा नामाचं लिंग फार कमी ठिकाणी उघड करते, हे खरं कारण आहे. मराठीत 'माझं जुनं घर पडलं' म्हटलं की घराचं लिंग तीनदा कानावर पडतं, सर्वनामातून, विशेषणातून आणि क्रियापदातूनही. डच क्रियापदाला लिंगाशी काही देणंघेणं नाही. अनेकवचनात सगळ्याच नामांना 'द'. विशेषणाचं तर बघा: मोठा माणूस 'अन ख्रोतं मान', तो मोठा माणूस 'द ख्रोतं मान', ते मोठं घर 'हेत ख्रोतं हाउस'. सगळीकडे 'ख्रोतं'. फक्त 'एक मोठं घर' म्हणताना 'अन ख्रोत हाउस' होतं, शेवटचा 'अं' गळतो. एवढ्याशा खुणेवरून लिंग शिकायचं! तिथली मुलंसुद्धा सहा-सात वर्षांची होईपर्यंत 'हेत'च्या जागी 'द' म्हणत राहतात, जर्मन मुलांना मात्र त्यांची तीन लिंगं बरीच लवकर जमतात. तेव्हा मोठेपणी शिकणाऱ्याने अडखळण्यात कमीपणा मुळीच नाही.

पूर्वी डचमध्येही तीन लिंगं होती. विभक्तीचे प्रत्यय झिजले तसं उत्तरेकडे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांत मिसळून 'द' झालं, नपुंसक तेवढं 'हेत' म्हणून वेगळं राहिलं. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये हा भेद अजून जिवंत आहे. तिथे टेबलाला सर्वनाम 'ती'चं येतं, नेदरलँड्समध्ये 'तो'चं. तुमच्या आइंडहोवनहून ट्रेनने गेलात की डेन बॉस लागतं. त्यातलं 'डेन' हे जुन्या पुल्लिंगी विभक्तीचं रूप आहे, आणि 'बॉस' म्हणजे वन. गंमत अशी, की आज वन या अर्थी 'बॉस' हा 'हेत'चा शब्द आहे. गावाच्या नावात जुनं लिंग तसंच राहून गेलं.

ओळखायचं कसं? भरवशाची एक गोष्ट आपल्याला शाळेतच शिकवलेली आहे. तत्पुरुष समासात लिंग शेवटच्या पदाचं असतं. राजवाडा 'तो', कारण वाडा 'तो'; देवघर 'ते', कारण घर 'ते'. डचमध्येही अगदी तसंच. 'हाउस' हेत, म्हणून इस्पितळ 'हेत झीकनहाउस' आणि नगरपालिकेची इमारत 'हेत स्तातहाउस'. डचमध्ये जोडशब्द पोत्याने आहेत, त्यामुळे एक मूळ शब्द पाठ झाला की दहा हाती लागतात.

प्रत्ययांचंही तसंच, शेवटचा प्रत्यय जिंकतो. क्रियापदाच्या धातूआधी 'ब', 'फर', 'ऑन्त' असे उपसर्ग लागून झालेली नामं बहुधा 'हेत': हेत बझूक म्हणजे भेट, हेत फरहाल म्हणजे गोष्ट. पण शेवटी 'इंग' आलं की 'द'. म्हणून मीटिंगला 'द फरखाडरिंग' म्हणतात, सुरुवातीला 'फर' असूनही. शेवटी 'हैत' आलं तरी 'द', जसं स्वातंत्र्य 'द फ्रैहैत'. भाषांची आणि सोनं-चांदीसारख्या धातूंची नावं 'हेत'.

पुण्यात जर्मन शिकून गेलेल्यांना 'दास' या जर्मन नपुंसकलिंगी उपपदावरून 'हेत'चा अंदाज बांधता येतो आणि तो पुष्कळदा बरोबर निघतो. पण मोटार आणि फोटो जर्मनमध्ये 'दास', डचमध्ये 'द'. समुद्रकिनारा जर्मनमध्ये पुल्लिंगी, डचमध्ये 'हेत'. आणि काही शब्दांबाबत खुद्द डच लोकांतही एकमत नाही. गादी 'द मात्रास'ही चालते आणि 'हेत मात्रास'ही, आपल्याकडे काहींचा 'तो पेन' असतो आणि काहींचं 'ते पेन', तसंच.

राहिला ऑफिसातला सल्ला. डचमधली दोन तृतीयांशाहून अधिक नामं 'द'चीच आहेत, त्यामुळे अंदाजपंचे 'द' लावलं तर बहुतेक वेळा बरोबरच येईल. तरी मला हा सल्ला पटत नाही, कारण 'हेत'ची नामं संख्येने कमी असली तरी रोजच्या तोंडची आहेत: घर, मूल, पुस्तक, पाणी, पाव, पैसा, काम, वर्ष, देश. शिवाय चूक एका शब्दावर थांबत नाही. 'हेत'च्या नामाला 'हे' म्हणताना 'दित' लागतं आणि 'ते' म्हणताना 'दात', 'द'च्या नामाला 'देझं' आणि 'दी'. 'आमचं' म्हणतानाही एकाला 'ऑन्स', दुसऱ्याला 'ऑन्झं'. 'द बूक' पाठ झालं की मागोमाग 'दी बूक' आणि 'ऑन्झं बूक' येणारच, आणि ही सवय मोडायला फार जड जाते. काही ठिकाणी तर अर्थच बदलतो. 'हेत पात' म्हणजे पायवाट, 'द पात' म्हणजे भेक. 'द स्तॉफ' म्हणजे कापड, 'हेत स्तॉफ' म्हणजे धूळ. 'हेत पोर्तीर' हे मोटारीचं दार, आणि 'द पोर्तीर' म्हणजे दारावरचा माणूस. म्हणून वहीत नुसतं 'बूक' लिहू नका, 'हेत बूक' लिहा, आणि पुढच्या ओळीत 'अन मोय बूक', म्हणजे 'एक छान पुस्तक', हेही लिहा.