वरची खोली आणि उद्देशिका

अनेक आशीर्वाद.

२६ नोव्हेंबरच्या भाषणासाठी तू संविधानाच्या उद्देशिकेवर मुद्दे मागितलेस. त्याच पत्रात जाता जाता हेही लिहिलंस, की दांडिया बाजारातल्या वाड्याची वरची खोली भाड्याने द्यायची आहे आणि घरच्यांना भाडेकरू 'आपल्यातलाच' हवा. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

न्याय, स्वातंत्र्य, समानता यांवर तू बोलशीलच. त्यांच्या पाठीशी कलमं आहेत, न्यायालयं आहेत. तू वेळ दे बंधुतेला. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने १९४८च्या मसुद्यात ती घातली. तिच्यात व्यक्तीची प्रतिष्ठा आधी येते, राष्ट्राची एकता नंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आणि तो क्रम बडोद्याच्या माणसाला तरी कळायला हवा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. पदव्या होत्या, हुद्दा होता, राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. ओळखीच्यांनीही घरात घेतलं नाही. शेवटी कमाटीबागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणणारा राजा पाठीशी असून शहरातलं एक दार उघडलं नाही! हे वाचताना मला अजूनही शरम वाटते, कारण ती दारं आपल्याच गावातली होती.

आज कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. कलम १५मुळे दुकानात, हॉटेलात जातीवरून कुणाला अडवता येत नाही. पण घरमालकाने गोड आवाजात 'खोली कालच गेली हो' म्हटलं, तर ते कोण सिद्ध करणार? बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समानता अंगवळणी पडणार नाहीत, त्या अमलात आणायला शिपाई लागेल, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात सांगितलं होतं. ते भाषण पूर्ण वाच, उतारे नकोत.

खोली बघायला कुणी आलं, तर नोकरी विचार, डिपॉझिट ठरव, पाण्याची वेळ सांग. आडनावावरून पुढचे प्रश्न नकोत. आजी ऐकत नसतील तर रविवारी मी येतो, त्यांच्याशी बोलतो. भाषणाचा कच्चा खर्डाही तेव्हाच दाखव.