नोकरी, शेती, घर, तब्येत हे सगळं रोज कसं सांभाळायचं?
रोज सगळं सारखं सांभाळायचा हट्ट आधी सोडा. तुम्ही खानापूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कामाला येता. शिफ्टचे 8 तास, जाण्यायेण्याचे 2, झोपेचे 7. अंघोळ-जेवण धरून हातात जेमतेम 4 तास उरतात. त्यात चारही गोष्टी रोज बसणार नाहीत.

म्हणून हंगाम बघून ठरवा. जुलैत भाताची लावणी असते, रजा तेव्हासाठीच राखून ठेवा. ओव्हरटाइम सुगी आटोपल्यावर करा. पोरांजवळ मात्र रोज अर्धा तास बसा, मोबाइल बाजूला ठेवून. झोपेला कात्री लावू नका. फाउंड्रीत भट्टीजवळ डुलकी लागली तर जिवावर बेतेल, हे मी अगदी काळजीने सांगतोय. गावची जत्रा, आईच्या बीपीची तपासणी या तारखा आजच कॅलेंडरवर लिहा आणि सुपरवायझरला महिनाभर आधी सांगून ठेवा.