अकरा वर्षांचा नाच वाया गेला का?

ताई, नमस्कार.

तुमची लेक अकरा वर्षं भरतनाट्यम शिकतेय, यंदा बारावीला आहे. आजोबांबरोबर जुने वेस्टर्न (काउबॉयचे) सिनेमे बघताना तिला हॉलिवूडची नटी व्हर्जिनिया मेयो फार आवडली आणि आता ती म्हणते, ‘नाच बंद, मला अभिनयाच्या क्लासला घाला.’ एवढी वर्षं पाण्यात गेली का, असं तुम्ही विचारलंय.

नाही गेली. आणि हे तिला मेयोच्याच गोष्टीवरून पटेल.

मेयो १९२० साली सेंट लुईसला जन्मली. सहाव्या वर्षापासून ती नात्यातल्याच एका बाईंच्या शाळेत नाच शिकली. १९३७ मध्ये शालेय शिक्षण संपलं तेव्हा ती गावातल्या म्युनिसिपल ऑपेराच्या समूहनृत्यात उभी राहिली, मागच्या रांगेतल्या अनेकींपैकी एक. मग व्हॉडव्हिलचे, म्हणजे नाच-गाणी-विनोदांचे, फिरते खेळ. त्यात दोन पुरुष घोड्याच्या वेषात शिरायचे आणि या ‘पॅन्सी’ नावाच्या घोड्याशी रंगमंचावर खेळायची ती मेयो! (आडनावही तिने त्या खेळातूनच घेतलं, मूळची ती जोन्स.) मला तिच्या कारकिर्दीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. रोज नवं गाव, नवे प्रेक्षक, आणि समोरच्याचा विनोद खुलावा म्हणून आपण नेमकं कधी थांबायचं, हे तिथे अंगात मुरतं. १९४१ मध्ये ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी रंगभूमी, मग हॉलिवूडचा निर्माता सॅम्युअल गोल्डविनचा करार, आणि १९४४ च्या ‘अप इन आर्म्स’मध्ये पुन्हा नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यातच. म्हणजे शाळा सुटल्यापासून सात वर्षं.

‘कोलोराडो टेरिटरी’ हा तिचा वेस्टर्न आला १९४९ मध्ये. दिग्दर्शक राउल वॉल्श, नायक जोएल मॅक्क्री. त्यातली तिची चाल, वळणं, नुसतं उभं राहणं लेकीला पुन्हा बघायला सांगा. माझ्या मते तिथे तिची नर्तकीची तालीमच बोलते. गाण्यांना मात्र पडद्यावर तिला दुसरीचा आवाज असायचा, तरी संगीतपटांत तिला काम मिळत राहिलं.

एक फरक मात्र लेकीला स्पष्ट सांगा. मेयोच्या काळी स्टुडिओ करार करून पगार द्यायचा, शिकवायचा, भूमिकाही तोच ठरवायचा. आज तसं कुणी सांभाळत नाही, म्हणून पदवी हवीच. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य आणि नाट्य दोन्हींत पदवी घेता येते, त्याची चौकशी आधी करा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीनंतरचं आहे. तिथे नाटकात काम केल्याचा अनुभवही लागतो. पुण्यात शिकली तर पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी आपल्या कॉलेजच्या संघात शिरायची धडपड तिने पहिल्याच वर्षी करावी. भूमिका नाही मिळाली तर बॅकस्टेज करावं.

महागड्या तीन महिन्यांच्या क्लासचे पैसे सध्या भरू नका. नाचाच्या गुरूंना मात्र भेटा, आणि पुढचं वर्षभर पदांवर (भरतनाट्यममधल्या अभिनयप्रधान रचनांवर) जास्त वेळ द्याल का, असं विचारा. एक पद ती कसं करते याचा व्हिडिओ मला पाठवा, मी नक्की बघेन.