प्रदूषण नियंत्रण मंडळाला हवा-पाण्याच्या मोजणीचा ऑनलाइन डेटा पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये कोणते नियम लावावेत?

पीएच (पाण्याची आम्लता) ० ते १४ मध्ये आहे का, असल्या मर्यादेच्या तपासण्या सगळेच लावतात. त्यात फारसं काही सापडत नाही. खरी चूक पकडतात ते दोन आकड्यांच्या नात्याचे नियम. पीएम २.५ (हवेतली २.५ मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) हा पीएम १० चाच (१० मायक्रॉनपर्यंतची धूळ) भाग. पीएम २.५ चा आकडा मोठा दिसला तर निदान एका अ‍ॅनालायझरकडे (मोजणाऱ्या यंत्राकडे) बघायला हवं. सांडपाण्यात बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) सीओडीपेक्षा (रसायनाने घाणीचं ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) जास्त आला तरी तेच. हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड, एनओ अधिक एनओ२, म्हणजे एनओएक्स, पण ही बेरीज पीपीबीमध्येच (अब्ज भागांत किती भाग) तपासा. मायक्रोग्रॅम (वजनाचं माप) आणि पीपीबी मिसळले की चांगला डेटाही नापास होतो (हा घोळ फार ठिकाणी दिसतो).

तासन्‌तास तोच आकडा, तोही दशांशासकट, म्हणजे सेन्सर अडकलाय. कॅलिब्रेशनच्या (यंत्र प्रमाणित नमुन्याशी जुळवण्याच्या) वेळचे आकडे सरासरीत नकोत.

एक नियम मात्र चुकूनही लावू नका: मानकाच्या (ठरवून दिलेल्या प्रदूषण मर्यादेच्या) वर गेलेला आकडा आपोआप बाद करणं. मर्यादा ओलांडली हेच तर कळवायचं असतं! संशयित आकड्याला खूण करा, कारण नोंदवा, मूळ नोंद तशीच ठेवा आणि निर्णय माणसाला घेऊ द्या.